कंपनीच्या हिशोबावर रिपोर्ट आला आणि शेअर कोसळला, आता काय करायचं? नवीन लोकांसाठी, पायरी पायरीने

सकाळी सव्वानऊला मार्केट उघडायच्या आधीच घरच्या ग्रुपवर कुणीतरी पीडीएफ टाकलेली असते, शंभर-एक पानांची, इंग्रजीत, आणि खाली एकच ओळ, "आपल्याकडे आहे ना हा शेअर? काय करायचं?" गेल्या दोन-तीन वर्षांत हा प्रश्न मला मेव्हण्याने विचारलाय, ऑफिसातल्या दोन नवीन मुलांनी विचारलाय, आणि प्रत्येक वेळी मी फोनवर तेच तेच सांगत बसलो, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था) रजिस्टर्ड सल्लागार वगैरे नाही, अमुक घ्या तमुक विका असं इथे काही मिळणार नाही. अशा दिवशी कुठल्या क्रमाने काय बघायचं एवढंच सांगणार आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. भाव पडला म्हणून आरोप खरा ठरत नाही, आणि भाव परत वर आला म्हणून आरोप खोटाही ठरत नाही. भावाचा आणि खऱ्या-खोट्याचा हिशोब वेगवेगळ्या वेगाने चालतो, कधी एका दिवसात जुळतो, कधी दीड वर्ष लागतं.

पायरी १: पहिल्या तासात बटण दाबू नका, आधी शेअर कुठल्या सेगमेंटमधला आहे ते बघा

हे अगदी कोरडं वाटेल पण नवीन माणसाचा सगळ्यात जास्त पैसा इथेच जातो. आपल्याकडे बहुतेक शेअरना सर्किट असतं, ५, १० किंवा २० टक्के. तेवढा पडला की लोअर सर्किट, मग विकणाऱ्यांची रांग लागते आणि बायरच नसतो, तुमची ऑर्डर दिवसभर पेंडिंग. पण जे शेअर एफ अँड ओ मध्ये आहेत, म्हणजे ज्यांचे फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे सौदेही होतात, त्यांना असं ठरलेलं सर्किट नाही, त्यांचा प्राइस बँड १० टक्क्यांपासून सुरू होतो आणि सरकत जातो, म्हणजे एका दिवसात कितीही पडू शकतो. सप्टेंबर २०१८ मध्ये इन्फिबीमचा शेअर एका दिवसात ७० टक्क्यांच्या आसपास पडला होता, कारण व्हॉट्सॲपवर फिरलेली एक जुनी नोट, ज्यात उपकंपनीला दिलेल्या बिनव्याजी कर्जावर प्रश्न होते. सर्किट असतं तर तोच शेअर त्या दिवशी २० टक्क्यांवर थांबला असता आणि बाकीचं पडणं पुढच्या दिवसांवर गेलं असतं.

म्हणून "आज फक्त ५ टक्केच पडलाय" हे वाक्य ऐकलं की आधी विचारा, पडला ५ टक्के की पडू दिला ५ टक्के. लोअर सर्किटला लागलेला भाव हा भाव नसतोच, त्या भावाला कुणी घेत नाहीये. आणि उलट बाजूने, सर्किटला लागलेला शेअर "स्वस्तात मिळतोय" म्हणून घेऊ नका, तुमची ऑर्डर लगेच भरली गेली याचा अर्थ समोर विकायला हजारो लोक उभे आहेत.

दुसरं, तुम्ही मार्जिनवर, म्हणजे ब्रोकरचे उधार पैसे वापरून, किंवा शेअर गहाण ठेवून पोझिशन घेतलीये का ते बघा. घेतली असेल तर पुढच्या पायऱ्या वाचायला तुम्हाला वेळच मिळणार नाही, ब्रोकर तुमच्या वतीने निर्णय घेऊन मोकळा होईल. अशा वेळी आधी कर्ज कमी करा, मग रिपोर्ट वाचा.

पायरी २: टीका कुणी केलीये

सगळ्या टीका एका मापाच्या नसतात. एक असतो शॉर्ट सेलर, म्हणजे ज्याने आधी शेअर पडेल यावर पैसे लावलेत आणि मग रिपोर्ट छापलाय. हिंडेनबर्ग या अमेरिकन शॉर्ट सेलर फर्मने २४ जानेवारी २०२३ ला अदानी ग्रुपवर रिपोर्ट काढला तेव्हा त्यातच लिहिलेलं होतं की आमची शॉर्ट पोझिशन आहे, अमेरिकेत ट्रेड होणारे बाँड आणि भारताबाहेरची डेरिव्हेटिव्ह (भावावर बेतलेले करार) यांच्यामार्फत. लोक यावर दोन टोकांना जातात, एक म्हणतो "त्याचा स्वार्थ आहे म्हणजे खोटंच असणार", दुसरा म्हणतो "स्वतःचे पैसे लावलेत म्हणजे खरंच असणार". माझं मत असं की स्वार्थ बघून तुम्ही फक्त एवढं ठरवायचं की रिपोर्टातली भाषा किती गाळून घ्यायची, आकडे मात्र भाषेपासून सुटे करून तपासता येतात. (पुढे हिंडेनबर्गनेच जाहीर केलं की या सौद्यातून त्यांना गुंतवणूकदार भागीदाराकडून साधारण ४१ लाख डॉलर मिळाले, ग्रुपचं बाजारमूल्य तळाला १५० अब्ज डॉलरहून जास्त घटलं होतं त्या मानाने हा आकडा बघा.)

दुसरा प्रकार पत्रकाराची बातमी. तिसरा ब्रोकरेजची नोट, जी बऱ्याचदा फार सभ्य भाषेत असते, "डिस्क्लोजर अधिक स्पष्ट हवं होतं" वगैरे, पण मार्केटमधली मुरलेली माणसं त्या सभ्य वाक्याचा अर्थ बरोबर घेतात. चौथा प्रकार ऑडिटरचा राजीनामा, आणि माझ्या लेखी हा सगळ्यात वजनदार, कारण त्याने आतली कागदपत्रं बघितलेली असतात. कारण म्हणून "प्रीऑक्युपेशन" म्हणजे कामाचा व्याप लिहिलेलं असलं आणि निकाल चार दिवसांवर आलेला असला तर तिथे पाणी मुरतंय असंच धरून चला. सेबीने ऑक्टोबर २०१९ मध्ये नियम आणला की तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत ऑडिटर जाणार असेल तर त्या तिमाहीचा रिव्ह्यू रिपोर्ट देऊन मग जायचं, हा नियम अशा मध्येच उठून जाण्यामुळेच आला.

आणि पाचवा, कंपनी स्वतःच सांगते. ७ जानेवारी २००९ ला सत्यम या आयटी कंपनीच्या अध्यक्षांचं, रामलिंग राजूंचं पत्र आलं, हिशोबाच्या वह्यांत दाखवलेली ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही म्हणून, आणि शेअर एका दिवसात १७९ वरून ४० वर. तिथे तपासण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

कुणी लिहिलंय हे कळतच नसेल, नुसता फॉरवर्ड असेल, नाव नाही तारीख नाही, तर बीएसईच्या साइटवर कंपनीच्या अनाउन्समेंट बघा. १ जून २०२४ पासून टॉप १०० आणि १ डिसेंबर २०२४ पासून टॉप २५० लिस्टेड कंपन्यांवर असं बंधन आहे की मुख्य प्रवाहातल्या मीडियात आलेल्या अफवेमुळे भाव लक्षणीय हलला तर २४ तासांत खरं आहे, खोटं आहे की काय ते सांगायचं. छोट्या कंपन्यांना हे लागू नाही, तिथे शांतता जास्त दिवस चालते.

पायरी ३: नवीन माहिती आहे की जुनीच माहिती नव्याने मांडलीये

हा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे, म्हणून इथे थोडं रेंगाळतो.

अमेरिकेत अब्राहम ब्रिलॉफ नावाचे अकाउंटिंगचे प्राध्यापक होते, न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजात शिकवायचे. १९६८ पासून ते बॅरन्स या आर्थिक साप्ताहिकात लिहायला लागले, एकेका कंपनीचा वार्षिक अहवाल घ्यायचा आणि दाखवायचं की नियमात बसवून नफा कसा फुगवलाय, जमिनीच्या हप्त्याच्या विक्रीत, कंपन्या विकत घेताना, सगळीकडे. यातली गंमत म्हणजे त्यांच्याकडे आतली माहिती अशी काही नव्हतीच, सगळं छापील अहवालातून, जो कुणालाही मिळत होता. तरी लेख आला की शेअर पडायचा. जॉर्ज फोस्टर नावाच्या अभ्यासकाने १९७९ मध्ये हे मोजलं, सरासरी ८ टक्क्यांच्या आसपास पडझड, आणि पुढच्या महिनाभरात ती भरून निघत नव्हती.

आता मार्केट जर सगळी उपलब्ध माहिती आधीच भावात घेतं असं म्हणायचं तर हे व्हायलाच नको होतं. पण विचार करा, गावातल्या दुकानाची उधारीची वही सगळ्यांसमोर गल्ल्यावर पडलेली असते, कुणी वाचत नाही. एक दिवस कुणीतरी बेरीज करून पाटीवर लिहितं की विक्री एवढी, त्यातली अर्धी उधारी, आणि उधारी नेणारे निम्मे मालकाचेच चुलत भाऊ. वही तीच, पण आता गिऱ्हाईक, माल देणारा व्यापारी, बँक, सगळे दुकानाकडे वेगळ्या नजरेने बघतात. बेरीज करणं हेच काम आहे आणि ते काम फार कमी लोक करतात.

म्हणून रिपोर्ट वाचताना पेन्सिल घ्या आणि प्रत्येक आरोपापुढे तीनपैकी एक खूण करा. "क" म्हणजे कंपनीच्याच छापील कागदात सापडणारी गोष्ट. "ब" म्हणजे बाहेरून आणलेली, परदेशी रजिस्ट्री, साइटवर जाऊन काढलेले फोटो, माजी कर्मचाऱ्यांचं बोलणं. "म" म्हणजे नुसतं मत किंवा विशेषण. हेडलाइन बहुतेक वेळा "म" असते. "क" वाले तुम्ही स्वतः तपासू शकता, "ब" वाल्यांसाठी सेबी, कोर्ट किंवा काळ यांच्यावर थांबावं लागतं, "म" वर रेघ मारा. शंभर पानांचा रिपोर्ट असा चाळला की दहा-बारा खऱ्या मुद्द्यांवर येतो.

पायरी ४: आकडे स्वतः काढा

कंपनीचे शेवटचे पाच वार्षिक अहवाल बीएसईच्या साइटवरून डाउनलोड करा, फुकट आहेत. स्टँडअलोन (नुसत्या मूळ कंपनीचे) आकडे नको, कन्सॉलिडेटेड (उपकंपन्या धरून) बघा, कारण कर्ज आणि गडबड दोन्ही उपकंपन्यांत ठेवता येतात. मी ज्या क्रमाने बघतो तो असा.

आधी नफा आणि कॅश. पाच वर्षांच्या निव्वळ नफ्याची बेरीज करा, शेजारी पाच वर्षांच्या ऑपरेटिंग कॅश फ्लोची, म्हणजे धंद्यातून प्रत्यक्ष हातात आलेल्या रोख पैशाची बेरीज. एखादं वर्ष मागेपुढे चालतं, पण पाच वर्षांत नफा ५०० कोटी आणि कॅश ८० कोटी असेल तर उरलेला नफा कुठे अडकलाय हे कंपनीने सांगायला हवं. बँक आणि एनबीएफसीला (बँक नसलेल्या, कर्ज देणाऱ्या वित्त कंपन्यांना) ही कसोटी लावू नका, त्यांचा धंदाच कर्ज देण्याचा, त्यामुळे वाढत्या एनबीएफसीचा ऑपरेटिंग कॅश फ्लो मायनसच दिसतो आणि नवीन लोक उगाच घाबरतात.

मग येणी, म्हणजे ट्रेड रिसीव्हेबल. विक्री १,००० कोटी आणि येणी २०० कोटी असतील तर भागून ३६५ ने गुणा, ७३ दिवस. पुढच्या वर्षी विक्री १,३०० कोटी झाली, सगळे टाळ्या वाजवतायत, पण येणी ४५० कोटी झाली तर तेच दिवस १२६ वर गेले. विक्री वाढली की उधारी वाढवून विक्री दाखवली, हा प्रश्न इथे तयार होतो. उत्तर चांगलंही असू शकतं, सरकारी गिऱ्हाईक उशिरा पैसे देतात, पण मग तसं नोट्समध्ये दिसायला पाहिजे.

मग रोकड खरी आहे का. व्याजाचं उत्पन्न भागिले सरासरी रोकड. ५०० कोटी बँकेत आहेत म्हणतात आणि वर्षाचं व्याज ५ कोटी, म्हणजे १ टक्का, आपल्या साध्या एफडीला ६-७ टक्के मिळतात. कदाचित करंट अकाउंटला पडून असतील, कदाचित ३१ मार्चपुरतेच आले असतील, पण हातात एवढी रोकड असून तीच कंपनी ९-१० टक्क्यांनी कर्जही काढतीये असं दिसलं तर मी त्या शेअरपाशी थांबत नाही.

मग रिलेटेड पार्टीची नोट. ही कंटाळवाणी असते, शेवटच्या पानांत असते, बारीक अक्षरात असते, आणि खरी गोष्ट बहुतेक वेळा इथेच असते. प्रमोटरच्या, म्हणजे कंपनीच्या मुख्य मालकांच्या, खासगी कंपन्यांना दिलेली कर्जं, ॲडव्हान्स, गॅरंट्या, त्यांच्याकडून घेतलेला माल. आकडा नेटवर्थच्या (मालमत्ता वजा देणी) किती टक्के आहे आणि दर वर्षी वाढतोय का, एवढं बघा.

बाकी प्रमोटरचे गहाण शेअर, काँटिंजंट लायबिलिटी (पुढे अंगावर येऊ शकणारी देणी) आणि ऑडिटरचं मत, यावर एक एक नजर टाकली तरी चालेल. फक्त ऑडिटरच्या रिपोर्टात "क्वालिफाइड" (हिशोब काही हरकतींसह मान्य) किंवा "एम्फसिस ऑफ मॅटर" (मुद्दाम लक्ष वेधलेली बाब) हे शब्द शोधा, आणि ऑडिटर फर्म कंपनीच्या आकाराला साजेशी आहे का तेही.

हे सगळं करायला मला अजूनही एका कंपनीला दोन संध्याकाळ लागतात. तुम्हाला सुरुवातीला चार लागतील. लागू देत. २०१८ मध्ये मी एका छोट्या कंपनीत, नाव घेत नाही, ऑडिटर गेल्याची बातमी वाचूनही "भाव पडलाय, ॲव्हरेज करू" (स्वस्तात घेऊन सरासरी खरेदी भाव खाली आणू) म्हणून अजून शेअर घेतले होते, येण्यांचा आकडा तीन वर्षं समोर छापलेला होता आणि मी तो पहिल्यांदा बघितला तो पंधराव्या लोअर सर्किटला. बायकोच्या नावावर ठेवलेले पैसे होते ते. म्हणून इतकं कळकळीने सांगतोय.

पायरी ५: कंपनीचं उत्तर वाचा, पण उत्तराची जाडी मोजू नका

अदानी ग्रुपने २९ जानेवारी २०२३ ला ४१३ पानांचं उत्तर दिलं, रिपोर्ट १०६ पानांचा होता आणि त्यात ८८ प्रश्न होते. पानं मोजून काही कळत नाही. तुमच्या पेन्सिलीच्या "क" आणि "ब" खुणा घ्या आणि एकेकापुढे लिहा, उत्तर दिलं, अर्धं दिलं, टाळलं. "आमच्यावर हल्ला आहे", "कायदेशीर कारवाई करू", हे उत्तरात धरू नका, ते तर सगळेच म्हणतात, खरेही आणि खोटेही. उलट, मोठ्या ऑडिट फर्मकडून स्वतंत्र तपासणी जाहीर केली, प्रमोटरने गहाण शेअर सोडवले, कर्ज मुदतीआधी फेडलं, अशा गोष्टींना मी शब्दांपेक्षा जास्त मार्क देतो, कारण त्यात पैसा खर्च होतो.

इथेच इंडसइंड बँकेचं उदाहरण लक्षात ठेवा. १० मार्च २०२५ ला बँकेने स्वतः कळवलं की डेरिव्हेटिव्हच्या हिशोबात फरक सापडलाय, परिणाम नेटवर्थच्या साधारण २.३५ टक्के. दुसऱ्या दिवशी शेअर २७ टक्के पडला. नवीन माणूस म्हणेल की २.३५ ला २७ कसे, मार्केट वेडं झालंय. पण लोक २.३५ टक्क्यांना घाबरले नव्हते, शितावरून भाताची परीक्षा चालली होती, इतकी वर्षं हे दिसलं नाही तर अजून काय काय दिसलेलं नाही. पुढे एप्रिलअखेर बँकेच्या सीईओंनी राजीनामा दिला. हिशोबाच्या बातमीत पडझड नेहमी रकमेपेक्षा मोठी असते, कारण पडतो तो बाकीच्या सगळ्या आकड्यांवरचा भरवसा.

पायरी ६: पुढचे दिवस आणि महिने कसे जातात

इथे एकच एक नमुना नाही आणि जो सांगेल त्याच्यापासून लांब राहा.

वायरकार्ड बघा, जर्मनीची पेमेंट कंपनी. ३० जानेवारी २०१९ ला फायनान्शियल टाइम्सने सिंगापूर ऑफिसातल्या हिशोबावर बातमी दिली, शेअर जोरात पडला. मग जर्मनीच्या नियामकाने, बाफिनने, फेब्रुवारीत दोन महिने शॉर्ट करायलाच बंदी घातली, वर पत्रकारांविरुद्ध तक्रारही केली. शेअर सावरला, लोक म्हणाले बघा, बातमी खोटी होती. १८ जून २०२० ला ऑडिटरने सही करायला नकार दिला, १.९ अब्ज युरो सापडत नव्हते, शेअर एका दिवसात ६० टक्क्यांहून जास्त पडला आणि आठवड्यात कंपनी दिवाळखोरीत. पहिल्या बातमीपासून जवळजवळ १७ महिने, आणि मधल्या काळात "भाव परत आला" हाच सगळ्यात मोठा पुरावा म्हणून फिरत होता.

एन्रॉनचं तर त्याहून विचित्र, आपल्याला गुहागरच्या दाभोळ प्रकल्पामुळे हे नाव माहितीये. मार्च २००१ मध्ये फॉर्च्यून मासिकाने साधा प्रश्न विचारला होता की ही कंपनी पैसे नेमके कमावते कशी हे कुणालाच नीट सांगता का येत नाही. मार्केटने तेव्हा फार मनावर घेतलं नाही. २ डिसेंबर २००१ ला दिवाळखोरी.

आणि अदानीचं बघा. एकाच रिपोर्टाने सगळा ग्रुप पडला, अदानी एंटरप्रायझेसचा २०,००० कोटींचा एफपीओ (लिस्टेड कंपनीने लोकांना नव्याने शेअर विकणं) पूर्ण भरूनही १ फेब्रुवारीला मागे घेतला गेला. ३ फेब्रुवारीला अदानी पोर्ट्स ४०० च्या खाली गेला होता, आधी ७६० च्या आसपास होता. जून २०२४ पर्यंत तोच १,६०० च्या वर गेला. अदानी टोटल गॅस मात्र ३,८०० च्या वरून महिनाभरात ८० टक्क्यांहून जास्त घसरला आणि परत त्या भावाच्या जवळपासही फिरकला नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२४ मध्ये तपास सेबीकडून काढून घ्यायला नकार दिला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सेबीने या रिपोर्टातले काही आरोप सिद्ध होत नाहीत असा आदेश दिला. म्हणजे आदेशानंतरही टोटल गॅसवाल्याचे पैसे काही परत आले नाहीत. का? कारण पोर्ट्सकडे बंदरं होती, जहाजं येत होती, रोख जमा होत होती, आणि टोटल गॅसचा भाव कमाईच्या मानाने आधीच कित्येक पट चढलेला होता. रिपोर्टाने फक्त धक्का दिला, किती खोल पडायचं ते आधीच्या उंचीने ठरवलं. म्हणून आरोप खरा की खोटा याच्याइतकाच महत्त्वाचा प्रश्न असा की आरोप नसता तरी हा भाव मला पटला असता का.

सगळे रिपोर्ट इतके हलवतातच असंही नाही. ९ जुलै २०२५ ला व्हाइसरॉय या शॉर्ट सेलरने वेदांताच्या मूळ कंपनीवर रिपोर्ट काढला, वेदांताचा शेअर दिवसात ८ टक्क्यांजवळ पडून बंद होताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास खाली होता.

पायरी ७: निर्णय

एका कागदावर तीन ओळी लिहा. "क" वाले किती आरोप मी स्वतः तपासले आणि त्यातले किती बरोबर निघाले. कंपनीने किती टाळले. हा शेअर माझ्या एकूण पैशाच्या किती टक्के आहे. पहिल्या ओळीत दोन-तीन ठोस गोष्टी बरोबर निघाल्या आणि दुसऱ्या ओळीत त्याच टाळलेल्या दिसल्या तर मी विकतो, तोटा असला तरी, पूर्ण किंमत मिळत नसली तरी. काहीच बरोबर निघालं नाही तर ठेवतो पण नवीन घेत नाही. समजलंच नाही, जे बऱ्याचदा होतं, तर रात्री झोप लागेल इतका हिस्सा ठेवून बाकी काढतो. अशा शेअरमध्ये ऑप्शन घेऊन "रिकव्हरी" करायला जाऊ नका, त्या दिवसांत प्रीमियम, म्हणजे ऑप्शनची किंमत, इतके फुगलेले असतात की दिशा बरोबर येऊनही पैसे जातात.

ठेवायचं ठरवलं असेल तर पुढच्या तिमाही निकालाची तारीख आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका. येणी आणि कॅश फ्लो दर तिमाहीला येत नाहीत, बॅलन्सशीट सप्टेंबर आणि मार्चच्या निकालासोबत येते, त्यामुळे मधल्या निकालात नुसता नफा बघून निर्धास्त होऊ नका. सहामाही बॅलन्सशीट आली की येण्यांचे दिवस पुन्हा काढा आणि आज लिहिलेल्या आकड्याच्या शेजारी लिहा.